दिंडोरीचा गुलाब मुंबईत टिकतो, मग नाशिकच्या घरात मान का टाकतो?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. होळी झाली की दरवर्षी माझी हीच कुरकुर सुरू होते. या वेळी म्हटलं, सगळ्यांनाच विचारावं.

दिंडोरीकडचा गुलाब गाडीत बसून मुंबईला जातो. दादरच्या फूलबाजारातून माझी नणंद तो घेते आणि तिच्या घरात तो आठवडाभर छान राहतो. मी तसाच गुलाब इथल्या नाशिकच्या गणेशवाडीतून सकाळी सकाळी आणते, म्हणजे शेतातून माझ्याकडे तो तिच्याआधी पोचतो. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान टाकतो. पाकळ्या वाळलेल्या नसतात, रंगही उतरलेला नसतो. फुलाच्या खाली दोन बोटांवर देठ मऊ पडतो आणि अख्खं फूल जमिनीकडे बघायला लागतं. हिवाळ्यात असं होत नाही.

पाणी रोज बदलते. फुलदाणी दिवाणखान्यात, पंख्याखाली असते. उन्हाचा कवडसा तिच्यावर येत नाही. जरबेरा आणि निशिगंधाचंही थोड्याफार फरकाने हेच.

ऐकीव उपाय खूप वाचून झाले. इथे शेती करणारे आहेत, सजावटीची कामं घेणारे आहेत, म्हणून विचारते: आपल्या कोरड्या उन्हाळ्यात नक्की काय चालतं? आणि का चालतं, तेही लिहा. कारण कळलं की लक्षात राहतं.

सातपूरकर

आमच्याकडे पाण्यात ॲस्पिरिनची गोळी आणि तांब्याचं नाणं टाकतात. चमचाभर साखरही. साखरेने फूल उमलतं हे खरं, पण पाणी दुसऱ्या दिवशी गढूळ होतं आणि वास मारतं. जाणकारांनी सांगावं.

फळ्यासमोर

ताई, मी जीवशास्त्र शिकवतो. प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. मुंबई आणि नाशिक यांच्यात फरक हवेचा आहे.

तोडलेलं फूल जिवंत असतं. पानांतून, थोडं पाकळ्यांतूनही, बाष्प बाहेर जात राहतं आणि त्या ओढीनेच देठातल्या बारीक जलवाहिन्यांतून पाणी वर चढतं. जेवढं उडतं तेवढं चढलं तर फूल ताठ राहतं. उडणं किती, हे तापमान आणि आर्द्रता दोन्ही मिळून ठरवतात. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर हवेची बाष्प ओढून घेण्याची ताकद २५ अंश आणि ६० टक्क्यांच्या मानाने चौपटीहून जास्त होते. एप्रिल-मेमधल्या नाशिकच्या दुपारी आणि जानेवारीतल्या नाशिकच्या दुपारी एवढं अंतर पडू शकतं. मुंबईत उकडतं, पण हवेत बाष्प भरपूर असल्याने फुलातलं पाणी सावकाश उडतं.

आता मानेचं. गुलाबाच्या फुलाखालचा तेवढाच भाग कोवळा असतो, तिथे देठ अजून लाकडासारखा टणक झालेला नसतो. तो केवळ पेशींतल्या पाण्याच्या दाबावर उभा असतो. पुरवठा कमी पडला की पहिला तोच वाकतो. म्हणून पाकळ्या ताज्या आणि मान पडलेली, असं दिसतं.

पण फुलदाणीत पाणी असताना पुरवठा कमी का पडतो? दोन कारणं. देठ कापल्याबरोबर टोकाच्या वाहिन्यांत हवा शिरते आणि तो बुडबुडा पाण्याची वाट अडवतो. दुसरं कारण जिवाणू. पाण्यात बुडालेली पानं कुजतात, देठातून साखरेचा रस पाझरतो, त्यावर जिवाणू वाढतात आणि कापलेल्या तोंडाशी चिकट थर धरतात. फुलदाणीच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागतं ना? तोच थर देठाच्या तोंडावरही असतो. उन्हाळ्यात घरातलं पाणीच कोमट, त्यामुळे ही वाढ झपाट्याने होते.

म्हणजे आपल्याकडे दुहेरी मार आहे. वरून पाणी उडतंय जास्त आणि खालून येतंय कमी. मुंबईत निदान वरचा मार सौम्य असतो.

सातपूरकर, ॲस्पिरिनने पाणी किंचित आम्लधर्मी होतं, त्यापलीकडे फार काही होत नाही. नाण्यातलं तांबं पाण्यात जवळजवळ उतरतच नाही, आणि आताची बहुतेक नाणी तर स्टीलची आहेत. साखर कामाची आहे, पण एकटी टाकली तर ती फुलाच्या आधी जिवाणूंना मिळते. तुमचं पाणी गढूळ होतं ते त्यामुळे.

गोदाकाठची

सर, फार छान समजावलंत. बोट फिरवून पाहिलं, खरंच बुळबुळीत आहे. मी पाणी बदलत होते पण फुलदाणी नुसती विसळत होते. मग आता नेमकं करायचं काय? देठ किती कापायचा, पाण्यात काय घालायचं?

वाफा

ताई, मी दिंडोरी तालुक्यातला. जानोरी-मोहाडीच्या पट्ट्यात पॉलिहाऊसमधला गुलाब बराच आहे, आमचाही आहे. आमच्याकडे काय करतात ते सांगतो, त्यातलं घरी जमण्यासारखं घ्या.

काढणी पहाटे. ऊन चढायच्या आत फूल पाण्याच्या बादलीत गेलं पाहिजे, कोरडं पडून राहता कामा नये. नंतर प्रतवारी, बंच बांधणी आणि थंड खोली. गुलाबाला २ ते ४ अंश सेल्सिअस लागतं. मुंबईला जाणारा चांगला माल असा पाणी पिऊन, थंड होऊन निघतो आणि रात्रीच्या गारव्यात प्रवास करतो. स्थानिक बाजारात येणारा माल बऱ्याचदा या सगळ्यातून गेलेला नसतो. सकाळी आलेला बंच कागदात गुंडाळून फळीवर कोरडाच पडलेला असतो. तुमच्या नणंदेचा गुलाब आणि तुमचा गुलाब यांच्यात हाही फरक आहे. सर म्हणतात ती हवा आहेच.

म्हणून घेताना बघा. बंच बादलीत उभा आहे का? देठाची टोकं काळपट किंवा चिकट आहेत का? कळी फार घट्टही नको. कळीच्या बाहेरची हिरवी पानं, ज्यांना निदलपुंज म्हणतात, ती खाली वळलेली असावीत आणि वरची एक-दोन पाकळी सुटायला लागलेली असावी. अगदी कच्ची तोडलेली कळी उमलत नाही, तशीच मान टाकते. उन्हाळ्यात लांब जाणारा माल थोडा घट्ट तोडतात, पण त्यालाही मर्यादा आहे.

घरी आणल्यावर बादलीभर पाणी घ्या. देठ पाण्यात बुडवून, पाण्याच्या आतच, धारदार सुरीने तिरका कापा. टोकाकडचा दोन-तीन सेंटिमीटर तुकडा जाऊ द्या. पाण्याखाली कापल्याने हवा आत ओढली जात नाही. तिरका काप एवढ्यासाठी, की देठ तळाला सपाट टेकून तोंड बंद होऊ नये. घरातली बोथट कात्री नको, ती देठ चेपते. टोक ठेचणारेही पाहिलेत, ते तर अजिबात करू नका. खालची, पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा. वरची दोन-तीन राहू द्या. काटे ओरबाडून काढू नका, साल निघाली की तिथून जिवाणू आणि हवा दोन्ही शिरतात.

मग फुलदाणीत न लावता ते दोन-तीन तास बादलीतच, गळ्यापर्यंत पाण्यात, अंधाऱ्या गार जागी ठेवा. वरून ओलं वर्तमानपत्र सैल गुंडाळा. हे केलेलं फूल आणि न केलेलं फूल शेजारी शेजारी ठेवून बघा.

फळ्यासमोर

वाफा यांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. पाण्यात घालायचं मिश्रण असं: एक लिटर पाण्याला साधारण दोन चहाचे चमचे साखर, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि कपड्यांच्या साध्या ब्लीचचा पाव चमचा. साखर म्हणजे फुलाचा शिधा, लिंबूसत्त्वाने पाणी आम्लधर्मी होऊन सहज चढतं, ब्लीच जिवाणूंना रोखतं. विकतच्या पुडीतही याच तीन प्रकारच्या गोष्टी असतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ब्लीच आणि लिंबूसत्त्व दाट स्वरूपात कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. आधी एक पूर्ण लिटर पाण्यात साखर आणि लिंबूसत्त्व विरघळवा, ब्लीच शेवटी टाका. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आणि ज्यांना ब्लीच नको असेल त्यांनी साखरही घालू नये. नुसतं स्वच्छ पाणी, रोज बदललेलं, आणि साबणाने घासलेली फुलदाणी, एवढ्यावरही पुष्कळ काम होतं.

सिडको_तिसरा_मजला

बोअरचं पाणी चालेल का? आमच्या इमारतीत उन्हाळ्यात तेच येतं. बादलीवर पांढरे डाग पडतात.

फळ्यासमोर

ते जड आणि बहुतेक वेळा अल्कधर्मी असतं, फुलांना मानवत नाही. आरओचं पाणी असेल तर फुलदाणीपुरतं ते वापरा. मिठावर चालणारं सॉफ्टनर बसवलेलं असेल तर मात्र त्यातलं पाणी नको, त्यात सोडियम वाढलेलं असतं आणि गुलाबाला ते बाधतं.

मंडपाची_कामं

माझं सजावटीचं काम आहे, लग्नसराईत रोज हाच संसार. जरबेराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि लवदार. खोल पाण्यात ठेवला की लव कुजते. चार बोटं पाणी पुरे, पण ते रोज ताजं हवं. जरबेरा झाडावरून कापत नाहीत, ओढून काढतात. त्यामुळे देठाच्या बुडाला जाड, लालसर टाच राहते. ती पाणी ओढत नाही. ती तशीच ठेवून लोक फूल पाण्यात लावतात आणि मग फूल खराब निघालं म्हणतात. ती टाच कापा. फुलावरची प्लास्टिकची टोपी लगेच काढू नका, आधी फूल उभं धरून पाणी पिऊ द्या, देठ सरळ राहतो. घेताना फुलाच्या मधल्या चकतीकडे बघा. बाहेरच्या दोन ओळींत परागकण दिसत असले तर फूल तयार आहे. चकती अगदी बंद असेल तर ते लवकर तोडलेलं आहे. जरबेऱ्याला साखरेपेक्षा ब्लीचचे थेंब जास्त उपयोगी.

ग्लॅडिओलस आडवा ठेवू नका. त्याचा शेंडा वर वळतो आणि मग परत सरळ होत नाही. शेंड्याच्या अगदी बारीक कळ्या खुडल्या तर बाकीच्या नीट उमलतात. निशिगंधाच्या दांड्यावरची खालची फुलं कोमेजली की काढत चला.

सजावटीत फुलं खोचायला वापरतात त्या हिरव्या स्पंजचं सांगतो. तो पाण्यावर नुसता सोडायचा, आपोआप बुडू द्यायचा. हाताने दाबला की मध्ये कोरडा गाभा राहतो, आणि नेमका त्यात खोचलेला गुलाब दुपारपर्यंत जातो. एकदा वाळलेला स्पंज पुन्हा वापरू नये, आणि एका जागी खोचलेला देठ उपसून पुन्हा खोचायचा नाही.

ताईंचा पंखा बंद करा असं सगळ्यात आधी म्हणेन. हॉलमध्ये फिरता पंखा आणि त्याखाली फुलदाणी म्हणजे फूल वाळत घातल्यासारखंच आहे.

गोदाकाठची

मंडपवाले दादा, पंख्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग कूलरसमोर ठेवू का? की एसीच्या खोलीत?

मंडपाची_कामं

कूलर आपल्या हवेला उत्तम, कारण तो खोली गारही करतो आणि हवेत ओलही सोडतो. फक्त झोताच्या थेट समोर नको, खोलीच्या कोपऱ्यात. एसी गारवा देतो पण हवा आणखी कोरडी करतो. झोत लागत नसेल तर एसीतली खोली उन्हाने तापलेल्या हॉलपेक्षा नक्कीच बरी.

जुन्या_नाशकातली

आमचा वाडा आहे. मातीच्या जाड भिंती, आणि माजघरात मे महिन्यातही बरंच गार असतं. आमच्या आजी रात्री सगळी फुलं माजघरात, माठाच्या शेजारी नेऊन ठेवत. सकाळी पूजा झाली की पुन्हा बाहेर. माठाभोवती ओल असतेच. ज्यांच्याकडे माजघर नाही त्यांनी मोरीजवळची, फरशीवरची जागा बघावी. वरच्या फळीपेक्षा जमिनीलगत गारवा जास्त. आणि नाशिकची रात्र उन्हाळ्यातही बऱ्यापैकी निवते, त्याचा फायदा घ्या. रात्रभर गार राहिलेलं फूल दिवस चांगला काढतं.

मोगऱ्याचं वेगळं आहे, त्याला देठ नसल्यामुळे पाण्यात ठेवण्याचा प्रश्नच नाही. कळ्या सकाळी आणायच्या, घट्ट असतानाच. केळीच्या पानात किंवा घट्ट पिळलेल्या ओल्या पंच्यात सैल गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालायच्या. डबा फ्रिजमध्ये ठेवला तर संध्याकाळी गजरा ओवेपर्यंत कळ्या मिटलेल्या राहतात. पंचा निथळता नको. मोगऱ्यावर पाणी साचलं की पाकळीच्या कडा तपकिरी होतात. गजरे विकणाऱ्या मावशी पाणी शिंपडतात ते विक्रीपुरतं. घरी नेऊन ठेवायचा असेल तर न शिंपडलेला मागून घ्या.

मंडपाची_कामं

काकू, अगदी बरोबर. झेंडूचंही असंच. चैत्रात काळारामाच्या उत्सवात, कामदा एकादशीच्या रथाला, आणि त्याआधी पाडव्याला झेंडूची मागणी प्रचंड असते, आणि तेव्हा हवा तापलेली. हार रात्री ओवून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की सकाळी उबलेले मिळतात. ढिगात हात घालून बघा, आत चक्क गरम लागतं. फुलं श्वास घेतात, त्याची उष्णता आत कोंडते. बांबूच्या टोपलीत पातळ थर लावा, वर ओलं गोणपाट टाका, वारा लागू द्या.

वाफा

जास्त फुलं हाताळणाऱ्यांसाठी एक सांगतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला, तो आपल्या कोरड्या भागासाठीच जणू. विटांची दुहेरी भिंत, मधल्या तीन इंची फटीत वाळू, वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी, वर गोणपाटाचं किंवा गवताचं झाकण. विजेची गरज नाही. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि आतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. जेवढी हवा कोरडी, तेवढं ते जास्त गार होतं. म्हणजे जी हवा फुलाला मारते, तिच्याकडूनच गारवा काढून घ्यायचा. सावलीत, जिथे वारा खेळतो तिथे बांधायचा. मुंबईच्या दमट हवेत याचा एवढा उपयोग होणार नाही.

सिडको_तिसरा_मजला

भारीच. पण फ्लॅटमध्ये विटा कुठे रचू?

वाफा

मोठी कुंडी घ्या, त्यात लहान कुंडी, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. गॅलरीच्या सावलीच्या बाजूला ठेवा. मोगरा, शेवंती, पूजेची सुटी फुलं त्यात चांगली राहतात.

सिडको_तिसरा_मजला

करतो. अजून एक. मागच्या मेमध्ये कार्नेशनचा गुच्छ भेट आला होता. फुलदाणी गार खोलीत, पाणी ताजं, पंखा नाही. तरी एका रात्रीत सगळ्या पाकळ्या आत वळून फुलं मिटल्यासारखी झाली. हे कशाने?

फळ्यासमोर

त्या खोलीत आंबे होते का?

सिडको_तिसरा_मजला

हो! पलंगाखाली आढी घातली होती. हापूस आणि केशर दोन्ही.

फळ्यासमोर

तेच कारण. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. फळ पिकायला तो मदत करतो आणि फुलांना म्हातारपण आणतो. कार्नेशन त्याला फारच संवेदनशील, पाकळ्या आत वळणं ही त्याची ओळख. आंबा, केळी, पपई, चिकू या सगळ्यांपासून फुलं लांब ठेवा. फ्रिजमध्येही हाच नियम. फळं असलेल्या फ्रिजमध्ये फुलं ठेवू नका. उदबत्तीचा, धुपाचा धूर कोंडलेल्या देवघरातही फुलं लवकर जातात, कारण धुरातही इथिलीन असतं. आणि कोमेजलेलं फूल गुच्छात राहू देऊ नका, तेही हा वायू सोडतं.

फ्रिजचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. गुलाब, कार्नेशन, शेवंती यांना ४ अंशांचा गारवा मानवतो. ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण प्रदेशातली, साधारण १० अंशांच्या खाली ती काळवंडतात. महागाची फुलं म्हणून लोक नेमकी तीच फ्रिजमध्ये घालतात.

गोदाकाठची

मंडळी, तुम्ही सांगितलं तसं या आठवड्यात केलं. गुलाबाचे दोन बंच एकाच फुलवाल्याकडून, बादलीत उभे असलेले मागून घेतले. एक नेहमीसारखा हॉलमध्ये लावला. दुसऱ्याचे देठ पाण्याखाली कापले, बादलीत गळ्यापर्यंत ठेवले, मग घासलेल्या फुलदाणीत सरांच्या मिश्रणात घालून स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत, कोपऱ्यात. रात्री फरशीवर. हॉलमधला बंच परवाच वाकला. आतला आज सकाळी पूर्ण उमललाय, मधल्या पाकळ्या सुटून पिवळसर केसर दिसायला लागलेत. इतक्या वर्षांत आमच्या घरी उन्हाळ्यात गुलाबाचा मधला भाग मी पाहिलाच नव्हता, कळीतच जायचा.

खूप खूप आभार. एक विचारायचं राहिलं: हॉलमधल्या बंचाची मान पडली आहे, ती परत उभी होईल का, की टाकून देऊ?

वाफा

टाकू नका ताई. पाकळ्या ताज्या असतील आणि मान पडून फार वेळ झाला नसेल तर बहुतेक उभी होते. टबात किंवा मोठ्या परातीत कोमट पाणी घ्या, देठ पाण्याखाली पुन्हा कापा, यावेळी थोडा जास्त, चार-पाच सेंटिमीटर. मग अख्खं फूल, देठ, पानं सगळं आडवं पाण्यात बुडवून ठेवा. मान सरळ राहील असं ठेवा, वाकडी राहिली तर तशीच ताठ होते. तासाभराने बघा. ताठ झालं की उभ्या देठाने, वर्तमानपत्रात गुंडाळून, खोल पाण्यात आणखी तासभर ठेवा आणि मगच फुलदाणीत लावा. दोन दिवसांहून जुनी पडलेली मान मात्र नाही उठत. त्यांचे देठ छोटे कापून पसरट वाडग्यात पाण्यावर तरंगत सोडा.